न पाहिलेल्या माणसाचे देणे

प्रत्येक धंद्याला त्याची त्याची नीती असते, आणि ती कुठे लिहून ठेवलेली असतेच असे नाही. सोनाराने डागात किती तांबे मिसळावे, मापाऱ्याने माप भरताना हात कुठे धरावा, वैद्याने रोग्याच्या घरात काय ऐकावे आणि काय ऐकून विसरावे, याचे कायदे कोणी केले नव्हते. माणसे पिढ्यान् पिढ्या एकमेकांसमोर उभी राहून हे व्यवहार करीत आली आणि त्या समोरासमोर उभे राहण्यातूनच नीती उपजली. मापात पाप करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पारावर त्याच गिऱ्हाइकाला रामराम घालावा लागे. लाज हीच खेड्यातली मोठी फौजदार होती. मग ज्या धंद्यात समोर कोणी येतच नाही, त्या धंद्याची नीती कुठून उपजावी? हा प्रश्न गेले काही महिने माझा पिच्छा सोडीत नाही.

तो माझ्यामागे लावून दिला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. मी बेंबळीला मुलांना मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण बेताचे, जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिक. हा मुलगा मात्र शिकत शिकत पार बंगळूरपर्यंत गेला. तिथल्या एका प्रयोगशाळेत तो माणसाच्या जीनोमवर संगणकाने संशोधन करतो. घरचे लोक विचारणाऱ्याला सांगतात, "पोरगा रक्त तपासायच्या कामावर आहे." गेल्या उन्हाळ्यात तो गावी आला तेव्हा मी त्याला कामाचे विचारले. तो हसून म्हणाला, "रक्ताला माझा हातही लागत नाही, गुरुजी. माझ्यापर्यंत येतात ती नुसती अक्षरे."

ही अक्षरे काय प्रकरण आहे, ते मला त्याने जसे समजावले तसे सांगतो. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक पोथी असते. तिची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. पण पोथीची एक प्रत सुमारे तीनशे कोटी अक्षरांची. छापील पानावर दोन हजार अक्षरे मावतात असे धरले, तर तिची पंधरा लाख पाने होतील. तीनशे पानी ग्रंथ बांधत गेलात तर पाच हजार ग्रंथ. ही पोथी वाचण्याचा मोठा उद्योग जगातल्या शास्त्रज्ञांनी १९९० साली हाती घेतला आणि २००३ साली तो पुरा झाल्याचे जाहीर केले. तरीही काही अवघड पाने राहून गेली होती, ती २०२२ साली वाचून झाली.

मौज अशी, की ही पोथी यंत्राला सलग वाचता येत नाही. आज सर्रास वापरात असलेले यंत्र तिचे दीडदोनशे अक्षरांचे बारीक बारीक तुकडे करून वाचते, आणि चूक राहू नये म्हणून प्रत्येक जागा तीस तीस वेळा वाचते. म्हणजे एका माणसामागे साठ कोटी चिटोऱ्या. वादळात उडालेल्या पोथीची पाने गोळा करावीत, तशा त्या चिटोऱ्या एका नमुन्याच्या पोथीशी ताडून जागच्या जागी लावायच्या आणि नमुन्याहून हा माणूस कुठे कुठे वेगळा आहे ते टिपायचे, हे संगणकवाल्याचे काम. असे वेगळेपण प्रत्येक माणसात चाळीस-पन्नास लाख ठिकाणी सापडते. त्यातले बहुतेक निरुपद्रवी. एखादेच असे, की ज्यापायी रक्त गोठत नाही किंवा ऐन तारुण्यात हृदय दगा देते. ते एक शोधण्यासाठी शेकडो, हजारो माणसांच्या पोथ्या शेजारी शेजारी मांडून गणित करावे लागते. २००० साली या पहिल्या जुळवाजुळवीची शर्यत लागली होती, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात जिम केंट नावाच्या एका विद्यार्थ्याने काही आठवडे अहोरात्र खपून त्यासाठी लागणारी संगणकाची आज्ञावली लिहिली. जुळवलेली पोथी त्याच वर्षीच्या जुलैत सगळ्या जगाला फुकट वाचायला खुली झाली. कोणा कंपनीची मालकी तिच्यावर बसू नये, ही त्यामागची तळमळ होती. या धंद्याच्या नीतीचा पहिला पाठ म्हणून तो मला आवडतो.

तसे पाहिले तर वंश लिहून ठेवणारे लोक आपल्याला नवे नाहीत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबा-खापरपणजोबांची नावे सापडतात. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मुलखात हेळवी येत असे. बैलावर बसून यायचा, दारात उभा राहून घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणायचा आणि पायली-दोन पायल्या धान्य घेऊन पुढच्या घरी जायचा. आजचा संगणकवाला हा एका परीने नवा हेळवीच म्हणायचा. फरक एवढाच, की जुना हेळवी ज्या घराची वंशावळ सांगे त्या घराचे धान्य खाई. घरात कोण वारले, कोणती लेक परत आली, हे त्याला ठाऊक असे. आणि कुठे गप्प बसावे हेही ठाऊक असे. नव्या हेळव्याला घर दिसत नाही, धान्य दिसत नाही. पोथीवर नाव नसते, एक आकडा असतो. नाव मुद्दाम पुसलेले असते, आणि ते रास्तच आहे. रोग्याची अब्रू त्याने झाकली जाते. पण नावाबरोबर दुसरेही काही पुसले जाते की काय, ही माझी शंका आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, नाव पुसले तरी ते पुरते पुसले जात नाही. ही पोथी एकट्याची नसतेच. ती सामाईक जमिनीसारखी असते. निम्मी आईकडून आली, निम्मी वडिलांकडून. सख्ख्या भावाशी सरासरीने निम्मा वारसा एक, चुलतभावाशी आठवा हिस्सा एक. सामाईक सातबाऱ्यावरची जमीन एका भावाने परस्पर विकली तर आमच्याकडे कोर्टात तीन पिढ्या जातात. इथे मात्र एक भाऊ सही करतो आणि उरलेल्यांचा हिस्सा त्यांच्या नकळत उघडा होतो. कॅलिफोर्नियात १९७० आणि १९८० च्या दशकांत अनेक खून करून नामानिराळा राहिलेला एक माजी पोलीस एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला. त्याने आपली पोथी कोणाला दिली नव्हती. हौसेने आपली वंशावळ शोधायला निघालेल्या दूरच्या नातलगांनी आपापल्या पोथ्या एका ठिकाणी ठेवल्या होत्या, तेवढ्यावरून पोलिसांनी त्याचा माग काढला. खुनी सापडला हे चांगलेच झाले; त्याच्याबद्दल मला कणव नाही. पण ज्या दोरीने खुनी ओढता येतो त्याच दोरीने निरपराधही ओढला जातो. लोकांच्या पोथ्या वाचून देणाऱ्या एका अमेरिकन कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख माणसांची माहिती चोरांच्या हाती गेली, आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळे जाहीर केले. दिवाळखोराच्या वखारीतला माल लिलावात निघतो, हे आपण जाणतो. पण माणसांची अक्षरे हा कुठल्या वखारीतला माल?

दुसरी गोष्ट मला अधिक खोलवर लागते. आम्हा मास्तरांना आकड्यांचे काम काही कमी नसते. २०११ च्या जनगणनेत घरोघर फिरून तक्ते भरले ते बहुतांशी शिक्षकांनीच. त्या तक्त्यात लग्न झालेल्या बाईला दोन प्रश्न विचारायचे होते: एकूण मुले किती जन्मली, आणि हयात किती. दोन रकाने शेजारी शेजारी. एका घरी म्हातारीने पहिल्या रकान्यासाठी सहा सांगितली आणि दुसऱ्यासाठी चार. मी आकडे मांडले आणि उठू लागलो, तशी ती म्हणाली, "दोघांची नावं नाही घेतली, मास्तर?" तक्त्यात नावांना जागा नव्हती. सहातून चार वजा केले की दोन उरतात, आणि देशाला म्हातारीच्या दुःखाची जेवढी गरज होती तेवढी त्या वजाबाकीत भागत होती. ती वजाबाकी खोटी नव्हती, निरुपयोगी तर मुळीच नव्हती. अशा लक्षावधी वजाबाक्या एकत्र केल्या म्हणजेच बालमृत्यू कुठे जास्त आहेत ते कळते आणि तिथे दवाखाना मागता येतो. तरी म्हातारीचा प्रश्न उरतोच. नावे नाही घेतली?

संशोधकाचा रकाना आणि त्यामागचा माणूस यांचे नाते समजून घ्यायला आम्हाला परदेशी जायला नको. धाराशिव जिल्ह्यातच, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक प्रचंड प्रयोग झाला आहे, आणि जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचा हवाला दिला जातो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका विषाणूपासून होतो. त्याची तपासणी कोणत्या रीतीने करावी म्हणजे बायका वाचतील, हे पाहण्यासाठी मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ साली हे काम सुरू केले. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार भाग झाले. पहिल्या भागात विषाणूची अक्षरे, म्हणजे त्याचा डीएनए, ओळखणारी तपासणी. दुसऱ्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. तिसऱ्यात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. आणि चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायकांची तपासणी करायची नाही, तपासणी कुठे करून मिळते एवढे सांगायचे. आठ वर्षे सगळ्यांवर नजर ठेवली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणूची अक्षरे तपासायच्या भागातल्या ३४,१२६ बायकांत या रोगाने ३४ गेल्या. तपासणी न केलेल्या ३१,४८८ बायकांत ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले! गरीब देशांच्या दृष्टीने ही केवढी मोठी बातमी! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच तपासणी सर्वांत आधी करावी अशी शिफारस केली.

पण त्या चौथ्या रकान्याचे काय? कर्करोग आधीच ओळखता येतो हे ठाऊक असताना एवढ्या बायकांना विनातपासणीचे ठेवणे न्याय्य होते काय, असा सवाल पुढे उभा राहिला. २०१४ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स या नियतकालिकात त्याची कडक चर्चा झाली. संशोधकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. या मुलखात कोणाचीच तपासणी होत नव्हती, तेव्हा चौथ्या भागातल्या बायकांकडून काही काढून घेतले असे झाले नाही; आणि तुलनेला कोणी नसते तर कोणती तपासणी खरोखर जीव वाचवते हे कळलेच नसते. दोन्ही बाजू वाचून मी बराच काळ अस्वस्थ होतो. शेवटी माझे मत असे झाले, की 'काही काढून घेतले नाही' हे उत्तर कायद्याला पुरेल, मनाला पुरणार नाही. विहिरीत पडलेल्या माणसाला मी ढकलले नाही, हे खरे असते. पण हातात दोर घेऊन मी काठावर उभा होतो, हेही खरे असते. दोर मजबूत आहे की नाही याचीच परीक्षा चालली होती, एवढे म्हणता येते. आणि तेवढे म्हणताना माणसाचा आवाज खाली आला पाहिजे.

आता थोडा हिशेब करू. चौथ्या भागात ज्या प्रमाणात मृत्यू झाले त्याच प्रमाणात पहिल्या भागात झाले असते, तर तिथे ६९ बायका गेल्या असत्या. गेल्या ३४. म्हणजे पस्तीसएक बायका वाचल्या. कोणत्या? ते कोणालाच सांगता येणार नाही. ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांच्यापैकी पुष्कळजणींना कर्करोग पुढेही झाला नसता. एखादीला झालाच असता. वाचलेली बाई स्वतःला ओळखू शकत नाही. ती आज आमच्याच कुठल्यातरी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करीत असेल, नातवाला अनारसा भरवीत असेल. आपण मेलो असतो हे तिला ठाऊक नाही. त्याचप्रमाणे चौथ्या रकान्यातली बाई गेली, तिच्या घरच्यांनाही ठाऊक नाही की दुसऱ्या गटातल्या गावी नांदती तर कदाचित जगली असती.

मी कादंबरीकार आहे. माझा सगळा व्यवहार चेहऱ्यांशी. त्यामुळे आकडा दिसला की नाक मुरडायची सवय आम्हा लेखकांना असते. पण हा हिशेब मांडल्यापासून माझी ती सवय मोडली आहे. कारण पस्तीस बायका वाचल्या हे सत्य कोणत्याही एका चेहऱ्यात दिसत नाही. कितीही कनवाळू डॉक्टर असो, एकेका रोग्याचा हात हातात घेऊन त्याला ते कधीच कळले नसते. ते फक्त आकड्यात दिसते. म्हणजे आकडा हा माणुसकीचा वैरी नव्हे. डोळ्यांची नजर पोहोचत नाही तिथवर पोहोचणारी ती एक कणव आहे. मात्र जात्याच ती आंधळी असल्यामुळे तिला कोणीतरी हात धरून न्यावे लागते. चेहरा पाहणारा एकाचे भले करतो आणि हजारांना विसरतो. आकडा पाहणारा हजारांचे भले करतो आणि एकाला विसरतो. संगणकासमोर बसणाऱ्याने कोणत्या विसरण्यापासून सावध राहावे, हे आता स्पष्ट झाले.

मग न पाहिलेल्या माणसाचे देणे कसे फेडायचे? पहिला हप्ता इरावतीबाई कर्व्यांनी दाखवून दिला आहे. १९३० च्या सुमारास त्या बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे नाव. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत जी असमानता असते ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण असावी, असा त्यांचा तर्क. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्या कोणाच्या, त्यांची नावे काय, हे त्यांना कोण सांगणार? मेलेली माणसे, परमुलखातली, तक्रार करू न शकणारी. मार्गदर्शकाला हवे तसे उत्तर लिहिले असते तरी एकाही कवटीने तोंड उघडले नसते. पण बाईंनी आकडे जे सांगत होते तेच लिहिले: असमानता सगळ्याच माणसांत असते, तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. घरापासून हजारो कोस दूर, परक्या भाषेत, पदवी देणाऱ्याच्याच तोंडावर! न पाहिलेल्या माणसाचे पहिले देणे हेच, की त्याच्या आकड्याला खोटे बोलायला लावायचे नाही.

दुसरे देणे, त्याला वगळायचे नाही. मघाशी नमुन्याच्या पोथीचा उल्लेख केला. ती कोणाची? तिचा सुमारे सत्तर टक्के भाग अमेरिकेतल्या बफलो शहराकडच्या एकाच निनावी माणसाचा आहे. बिचाऱ्याने उदार मनाने रक्त दिले, त्याचा दोष नाही. पण त्याच्याहून वेगळे ते सगळे 'वेगळे' ठरते. कर्करोगाच्या गाठीतला बिघाड शोधताना आपल्याकडच्या माणसाची जन्मजात, निर्दोष अक्षरेही बिघाड म्हणून मोजली जाण्याचा धोका त्यामुळे येतो. खारघरच्या टाटा केंद्रातल्या संशोधकांनी २०१६ साली ६२ भारतीय रोग्यांच्या निरोगी पेशींवरून अशा आपल्याकडच्या अक्षरांची यादी करून सगळ्यांना खुली केली, ती हा गोंधळ टाळण्यासाठी. सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने देशातल्या ८३ समाजांतल्या दहा हजार माणसांच्या पोथ्या वाचल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या फरिदाबादच्या भांडारातून संशोधकांना उपलब्ध करून दिल्या. पोथीत ज्याचे पान नाही त्याला औषधही लागू पडत नाही. तेव्हा वगळणे हेही एक प्रकारचे लुबाडणेच होय.

इथे एक सावधगिरीची सूचना घरच्या मंडळींना देणे भाग आहे. समाजवार पोथ्या वाचल्या म्हटले की आपल्याकडे लगेच मिशीला पीळ भरला जातो: आमचे रक्त निराळे! तर मंडळी, हैदराबादच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी संगणकावर केलेला हिशेब असा सांगतो, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक एकमेकांत इतके मिसळले, की त्यांनी तपासलेल्या जवळजवळ सगळ्या समाजांत, वरच्या म्हणवणाऱ्यांत आणि खालच्या म्हटलेल्यांत, त्या सरमिसळीचा अंश आहे. नंतर बेटीबंदी आली. तिने श्रेष्ठत्व दिले नाही. दिले ते रोग. २०१७ साली २६३ समाज तपासले तेव्हा ८१ समाजांत पूर्वजांचा घोळका फारच लहान असल्याच्या खुणा सापडल्या. अशा समाजात एखाद्या पूर्वजाचा दोष घरोघर पोहोचतो. वैश्य समाजातल्या काहीजणांना शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या एका ठराविक औषधाचा असर लवकर उतरत नाही, हे भूल देणारे डॉक्टर जाणतात. त्याचे मूळ यातच. हे कळले तर जीव वाचतो. पण हेच कळणे हिणवण्यासाठी वापरता येते, लग्न मोडायला वापरता येते. सत्य एकच, ते कोणाच्या पदरात कसे टाकायचे, हा विवेक गणितात नसतो.

म्हणून तिसरे देणे: ज्या कामासाठी घेतले त्यापलीकडे वापरायचे तर पुन्हा विचारावे, आणि जे सापडले ते देणाऱ्याच्या दारी पोहोचवावे. अमेरिकेतल्या हवासुपाई नावाच्या आदिवासींनी मधुमेहाचे कारण कळेल म्हणून रक्त दिले; पुढे त्याच रक्तावरून त्यांच्या मानसिक रोगांचा आणि मूलस्थानाचाही शोध घेतला गेला, तोही त्यांना न विचारता. ते लढले आणि २०१० साली विद्यापीठाला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी १९५१ साली न विचारता घेतल्या. त्या पेशींवर जगाने औषधे शोधली, आणि २०१३ साली त्यांची सगळी पोथीच कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाली. नातवंडांनी हरकत घेतली, कारण ती पोथी त्यांचीही होती. त्यानंतर ती कोणाला दाखवायची हे ठरवणाऱ्या समितीत त्या कुटुंबालाही जागा मिळाली. आमच्या मुंबईत १९५२ साली डॉक्टर भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिदुर्मिळ रक्तगट शोधला. त्याला शहराचे नाव मिळाले, बॉम्बे रक्तगट. ज्यांच्या रक्तात तो सापडला त्यांची नावे मात्र जग घेत नाही.

माझा विद्यार्थी यावर म्हणाला, "गुरुजी, दहा हजार माणसांना दर वेळी विचारत बसलो तर काम कधी व्हायचं? तिकडे एखादं पोर आजारी असतं, त्याच्या आईला उत्तर हवं असतं." त्याचे म्हणणे खोटे नाही. उशीरही माणसे मारतो. म्हणून मी त्याला म्हटले, दर वेळी दारात जाणे शक्य नसेल, तर निदान असे वागावे की उद्या तो माणूस दारात आला तर त्याला सगळे दाखवता येईल. ठेव सांभाळणारा मालकाला रोज विचारत नाही, पण मालक केव्हाही येईल या हिशेबाने कुलूप लावतो. तो काही बोलला नाही, नंतर म्हणाला, "म्हणजे आकडा कुठल्यातरी दारचा आहे, एवढं लक्षात ठेवायचं." मला वाटते, याहून जास्त मलाही सांगता आले नसते.

आपल्या जुन्या लोकांनी ऋणांचा विचार बारकाईने केला होता. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, मनुष्यऋण; आणि ते अतिथीला आसरा व अन्न देऊन फेडायचे. अतिथी म्हणजे तरी कोण? ज्याची तिथी ठाऊक नाही, ज्याचे नाव ठाऊक नाही, तो. माझ्या मते हे ऋण एकट्या संशोधकाचे नाही. उस्मानाबादच्या ३१,४८८ बायकांच्या चौथ्या रकान्यामुळे जगातल्या ज्या बाईची तपासणी आज होते, ती प्रत्येक बाई त्यांची देणेकरी आहे. तिचा नवरा आहे, मुले आहेत. तेव्हा हा दिवाळी अंक हाती असलेल्या आयाबहिणींना माझे सांगणे एवढेच, की तिशी उलटली असेल तर फराळाची गडबड संपल्यावर एकदा ती तपासणी करून घ्या. हे देणे फेडण्याची ती सगळ्यांत सोपी रीत आहे.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही उघडतील. जुन्या जमाखर्चात एका बाजूला 'जमा' असते आणि दुसऱ्या बाजूला 'नावे'. विज्ञानाच्या वहीत जमेची बाजू डोळे दिपवणारी आहे, आणि ती तशीच वाढत जावो. दुसऱ्या बाजूची नावे पुसलेली असतील, पुसलेलीच असावीत. पण म्हणून ते पान कोरे आहे असे कोणी समजू नये.